पाऊण इंच आभाळ

मी सॅन फ्रान्सिस्कोत कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत काम करते, आईच्या भाषेत सांगायचं तर "चित्रं चिकटवते". एरवी दिवस कंटाळवाणेच जातात, टेप काढा, डाग काढा, बिल करा. पण मागच्या महिन्यातला एक मंगळवार डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या पुढच्या एक बाई टॉवेलात गुंडाळून फ्रेम घेऊन आल्या. आत वॉटरकलर. चढावर एकावर एक रचल्यासारखी घरं, खाली बंदराचे धक्के, वर फिकट राखाडी आभाळ. कोपऱ्यात सही, झाकहाइम. वडिलांनी चाळीसच्या दशकात घेतलेलं, काचेला आतून बुरशी आलीय, तेवढी साफ करून द्या म्हणाल्या.

सही वाचून मी सावरून बसले. बर्नार्ड झाकहाइम वॉर्सात जन्मलेला ज्यू माणूस, १९२० ला इथे आला, फर्निचरच्या कामावर पोट भरलं आणि पुढे भिंती रंगवल्या. १९३४ ला इथल्या टेकडीवरच्या कॉइट टॉवर या मनोऱ्यात सरकारी पैशाने भित्तिचित्रं झाली, त्यातलं 'लायब्ररी' त्याचं. त्यात एक जण फळीवरून मार्क्सचं पुस्तक काढतोय, आणि नेमका त्याच जुलैत बंदरावर संप पेटलेला, गोळीबारात दोन जण गेलेले, मग काय, बोंबाबोंब झाली आणि टॉवर ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिला. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच, आणि ते सगळे भिंतींकडे पाठ करून वरून दिसणाऱ्या पुलाचे फोटो काढतात.

चित्रात मात्र पूल नव्हता. खाडीवरचा बे ब्रिज १९३६ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, म्हणजे घेतलं चाळीसच्या दशकात तरी काढलं आधी असणार, असा माझा अंदाज. बॉस म्हणाला, चित्रकार नको ते गाळतात, पुलावरून काही ठरवू नकोस. बरोबरच होतं त्याचं, पण मला ते आवडलं नाही.

फ्रेम उघडली. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली चौकट, एकदम स्वस्त पुठ्ठ्याचा, आतून बिस्किटासारखा तांबूस, आणि त्याच्या खिडकीच्या कडेने चित्रावर चारी बाजूंनी तपकिरी रेघ भाजलेली. हे नेहमीचंच. पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं. वरून तो ब्राऊन टेपने चिकटवलेला. घराच्या लाल छपरावर ओला बोळा जरासा टेकवून बघितला तर बोळा गुलाबी, म्हणजे पाणी बंद. मग टेपवर मिथाइल सेल्युलोजची जाडसर पेस्ट लावायची, सरस मऊ व्हायची वाट बघायची आणि पातळ पत्तीने केसाकेसाने सोडवायचं, पेस्ट टेपबाहेर गेली की संपलं. तीन तास लागले, चहा गार.

पुठ्ठा निघाला आणि मी अक्षरशः "आई गं" म्हणाले, मराठीतच. पुठ्ठ्याखाली दबलेल्या पाऊण इंचाच्या पट्टीत आभाळ राखाडी नव्हतंच मुळी! जांभळट गुलाबी होतं, संध्याकाळी धुकं आत शिरतं ना तेव्हाचं. गुलाबी रंग उन्हाने उडून गेलेला आणि निळसर काळा तेवढा मागे उरलेला. बाई इतकी वर्षं ज्याला पावसाळी दिवस समजत होत्या तो सूर्यास्त होता.

रंग कसा लावलाय ते बघा, एका दमात, न खोडता. त्याची टॉवरमधली भिंत फ्रेस्को होती, आणि फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग द्यायचा असतो, त्या दिवशी लावलेला गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचं काम संपवायचं (आपण अजिंठ्यालाही फ्रेस्को म्हणतो, पण ते कोरड्या गिलाव्यावरचं). तोच हात इथे दिसतो असं मला वाटलं. चारी कोपऱ्यांत टाचणीची भोकं, म्हणजे बोर्डावर टाचून जागेवरच काढलेलं असावं.

आणि उजव्या पट्टीत टेकडीच्या माथ्यावर एक अर्धवट दांडा, त्याच्या बाजूने पेन्सिलीच्या रेघा. माझ्या मते परांची. कॉइट टॉवर १९३३ ला पूर्ण झाला, म्हणजे हा बांधकाम चालू असतानाचा, ज्याच्या आत हाच माणूस पुढच्या वर्षी भिंत रंगवणार होता. बॉस म्हणाला, धुराडं आहे. भिंगाखाली धरलं, बाजूने लाइट मारला, अर्धा तास वाद. तो म्हणे धुराडं, मी म्हणे परांची.

संध्याकाळी बाई आल्या. पट्टी बघून गप्पच झाल्या, मग विचारलं, उडालेला रंग परत आणता येतो का. नाही म्हणावं लागलं. "पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं होतं," एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, पट्टी झाकू नका. बॉसने तोंड वाकडं केलं, कारण चारी बाजूंनी गडद किनार अन् मध्ये फिकट चित्र दिसतं वाईटच, पण त्यांनी ऐकलं नाही. जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाची खळ, माउंट न घालता कडा मोकळ्या ठेवून बसवायचं ठरलं.

जाताना मी त्यांना हळूच तो दांडा दाखवला. चष्मा काढून, नाक कागदाला लागेल इतकं वाकून बराच वेळ बघितलं त्यांनी.

"धुराडं," म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'उजवीकडे माथ्यावर अपूर्ण उभी आकृती'. बॉसने सही केली.