वापसा येईपर्यंत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. महिन्याभरात हा प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारला, त्यात गिऱ्हाईक आले, पाव्हणे आले, अन् परवा तर शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "भाऊ, ऐन सीझनात तुम्ही असे निवांत कसे काय, अन् आठला शटर कसं पाडता?" माझं परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं. हा धंदा ज्यानं जवळून बघितलाय त्याला जून-जुलै म्हणजे काय हे सांगायची गरज नाही.

चार वर्षांमागं मी असा नव्हतो. उठल्या उठल्या मोबाईल, चहा उभ्यानं, दुपारचा डबा काउंटरवरच, एका हातात घास अन् दुसऱ्या हातानं बिल, दहा मिनिटात डबा खाली. रात्री साडेदहाला घरी जायचं, ताटभर जेवायचं अन् लगेच आडवं व्हायचं. मी ह्यालाच मेहनत समजत होतो.

मग त्या जुलैत एक गोष्ट झाली, ती मी आजपर्यंत विसरलो नाही. दुकानात पंधरा-वीस माणसं, सगळ्यांना घाई. एक ओळखीचे काका कपाशीवरच्या तुडतुड्याचं औषध न्यायला आलेले, अन् त्याच वेळी दुसऱ्या एकाला उसातल्या गवतासाठी टू-फोर-डी हे तणनाशक पाहिजे होतं. मी बाटल्या अदलाबदल केल्या. बिल बरोबर, बाटली चूक. टू-फोर-डी हे कपाशीचं काय करतं ते शेतकऱ्याला विचारा, शेजारच्या वावरातून वाऱ्यानं नुसतं उडून आलं तरी पानं भेंडीच्या पानासारखी चिरकी अन् वाकडी होतात, अन् इथं तर ते पंपात भरून सरळ पिकावर जाणार होतं. काकांनी शेतातल्या आखाड्यावर गेल्यावर मागच्या फवारणीची रिकामी बाटली शेजारी धरून बघितली म्हणून वाचलं. संध्याकाळी सातला ते परत आले, बाटली काउंटरवर ठेवली, सील तसंच होतं. ओरडले नाहीत. "दमानं घेत जा रे बाबा" एवढंच म्हणले अन् दुसरी बाटली घेऊन गेले. त्यांची सगळी मिळून दोन एकर जमीन आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच महिन्यात चक्कर आली म्हणून रक्त तपासलं, एचबीएवनसी 6.3 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, तिला चिकटलेली साखर ह्या तपासणीत मोजतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, चार दिवस गोड बंद करून तो फारसा हलत नाही.

मी काय केलं, तर सगळं एकदम सुरू केलं. पाचला उठणं, दहा हजार पावलं, साखर बंद, भात बंद, प्राणायाम. अकराव्या दिवशी सगळंच सुटलं.

खरं तर हे मला कळायला पाहिजे होतं, कारण दर जूनला मीच काउंटरवरून लोकांना सांगत असतो की पहिल्या पावसाला पेरू नका, 75 ते 100 मिलिमीटर पडू द्या, वापसा येऊ द्या, म्हणजे चिखल सरून पेरणीजोगी ओल राहू द्या, सोयाबीन घरचं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा अन् सत्तर तरी उगवले तरच पेरा. आपलं परभणीचं कृषी विद्यापीठही दरवर्षी हेच सांगतं. घाई करणाऱ्यावर दुबार पेरणी येते, बियाणं दोनदा, मजुरी दोनदा. मी स्वतःच्या शरीरावर तेच करायलो होतो.

म्हणून मग एकच धरलं, अन् ते व्यायामाचं नाही, बाटलीचं. औषध हातात घेतलं की आधी विचारायचं, पीक कोणतं? मग बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं, अन् मगच बिल. अर्धा मिनिट जास्त लागतो. पहिले आठ-दहा दिवस मागचे लोक कुरकुरले. पण माल परत येणं जवळपास थांबलं, बिल खोडून परत करणं थांबलं, अन् रात्रीचा हिशोब, ज्याला तास-सव्वा तास जायचा, तो वीस मिनिटात जुळायला लागला. आठला शटर पडतं ते ह्यामुळं, दुसरं काही गुपित नाही. तो अख्खा सीझन मी बाकी कशालाच हात लावला नाही.

दिवाळीनंतर डबा. दीडला शटर अर्धं खाली, मोबाईल काउंटरवर, अन् आत पेंडीच्या पोत्यावर बसून जेवायचं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, अन् तोवर माझा डबा कधीच संपलेला असायचा, म्हणून चार भाकरी जायच्या. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत गार होऊन जरा चिवट झालेली असते, ती नीट चावावीच लागते, शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचं तेल, कांदा, अन् अडीच भाकरीत माणूस तृप्त होतो. गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती. दोन-चार जण चिडले, बाकीच्यांनी वेळ बदलली.

मग उन्हाळ्यात रात्रीचं चालणं. जेवलो, हात धुतला की चप्पल, घड्याळ बघायचं नाही. पंधरा मिनिटं, मी अन् मंडळी दोघं. जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. एप्रिल-मेत रात्री नऊलासुद्धा डांबरी रस्ता भाजत असतो, म्हणून आम्ही नाल्याकडच्या कच्च्या वाटेनं जातो.

एकवीस दिवसात सवय लागते असं लोक सांगतात, ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254 सुद्धा लागतील असं दिसलं. अन् मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच निघालं, ते वाचून मला लई धीर आला, कारण पेरणीच्या आठवड्यात माझं चालणं आजही चुकतं.

आकडा सहा महिन्यांनी 6.1 होता, वर्षानं 5.8, आता 5.6 आहे. झोपताना मोबाईल बघणं अजून सुटलेलं नाही, चार्जर बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलाय, बघू.

हार्डवेअरवाल्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. दीडला डबा घेऊन ये म्हणलो. परवापासून येतोय, मोबाईल मांडीवरच असतो त्याच्या, पण बसून जेवतोय.