पोस्टग्रेसची मेमरी नक्की कोणाच्या नावावर?

"मॅडम, मेमरी लीक होतेय." म्हणजे घेतलेली मेमरी परत न करता प्रोसेस फुगत चाललीय, असा मेसेज अधूनमधून येतोच, आणि सोबत कोणती प्रोसेस किती मेमरी वापरते ते दाखवणाऱ्या टॉप कमांडचा स्क्रीनशॉट. परवाचाच नमुना घ्या. सर्व्हरला ६४ जीबी रॅम, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि त्याचे शेअर्ड बफर, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी, १६ जीबी. स्क्रीनशॉटमध्ये पोस्टग्रेसच्या प्रोसेस एकाखाली एक उभ्या, आणि रेस या कॉलममध्ये कुणाचे ११ जीबी, कुणाचे ९, कुणाचे १३. आमच्या नव्या पोराने इमानदारीत बेरीज मारली, ती २०० जीबीच्या पुढे गेली. ६४ जीबीच्या मशीनवर २०० जीबी कशी काय मावली, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला लीक शोधायची घाई होती.

टॉप खोटं बोलत नाही, पण त्याचे आकडे बेरजेचे नाहीत. स्वारगेटवरून तिघांनी मिळून रिक्षा केली, भाडं ९० रुपये झालं, आणि तिघांनीही घरी जाऊन "आज रिक्षाला ९० गेले" असं सांगितलं, तर रिक्षावाल्याला २७० मिळाले असं होत नाही. रेसचं तसंच आहे. मेमरी छोट्या ठरावीक तुकड्यांत मोजतात, त्याला पान म्हणतात. एखादं पान शंभर प्रोसेसनी मिळून वापरलं असेल, तर ते शंभर वेळा, प्रत्येकीच्या खात्यावर अख्खंच्या अख्खं मोजलं जातं.

मग तो आकडा वाढत का जातो? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस असते. नवीन कनेक्शन उघडतं तेव्हा त्या प्रोसेसने शेअर्ड बफरमधल्या फारच थोड्या पानांना हात लावलेला असतो. क्वेरी येत जातात, आज हे टेबल, उद्या ते इंडेक्स, तसतसा हात लागलेल्या पानांचा आकडा चढत जातो. आठवडाभर उघडं असलेलं कनेक्शन चढत चढत शेअर्ड बफरच्या साइजजवळ पोचतं आणि तिथे थांबतं. लीक थांबत नाही, हे थांबतं. फरक बघायचा असेल तर रेसमधून शेअर हा कॉलम वजा करा. उरतं ते त्या प्रोसेसचं स्वतःचं, आणि ते बहुतेक वेळा काही एमबी निघतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसची माहिती प्रॉक डिरेक्टरीत देतो. तिथल्या स्टेटस फाइलमध्ये आरएसएस-अ‍ॅनन म्हणून वेगळा आकडाच असतो, लिनक्स ४.५ पासून. आणि रिक्षाचं भाडं खरोखर वाटून हवं असेल तर पीएसएस बघा: प्रत्येक पान जितक्या जणांत वाटलंय तितक्याने भागून येणारा आकडा. तो स्मॅप्स-रोलअप या फाइलमध्ये मिळतो. फक्त तो दर सेकंदाला मॉनिटरिंगमध्ये लावू नका. तो काढायला कर्नलला त्या प्रोसेसचं अख्खं पेज टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याचं पान रॅममध्ये कुठे आहे याची यादी, चालून जावं लागतं, आणि १६ जीबी मेमरीची ही यादी काही लहान नसते. त्यावर येतेच पुढे.

आधी "मेमरी दिली" म्हणजे काय झालं ते. पोरांना वाटतं की मेमरी मागितली की रॅमचा एक तुकडा कापून हातात पडतो. प्रत्यक्षात एमएमॅप, म्हणजे मेमरी मागायचा कॉल, केल्यावर कर्नल फक्त नोंद करतो: या प्रोसेसचे इतक्यापासून इतक्यापर्यंतचे पत्ते वैध आहेत. रॅम एक बाइट हलत नाही. प्रोसेसने त्यातल्या एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिलं किंवा वाचलं की पेज फॉल्ट होतो, तेव्हा कर्नल ४०९६ बाइटांचं एक पान शोधतो, शून्यांनी भरतो आणि पेज टेबलमध्ये त्याची ओळ लिहितो. दुसऱ्या प्रोसेसने त्याच जागेला हात लावला की नवीन पान येत नाही, तिच्या पेज टेबलमध्ये त्याच पानाकडे बोट दाखवणारी दुसरी ओळ लिहिली जाते. शेअर्ड मेमरी म्हणतात ती एवढीच. पान एक, ओळी अनेक.

ओळी वेगवेगळ्या टेबलांत असल्यामुळे दोन प्रोसेसमध्ये त्याच पानाचा पत्ता वेगळा असू शकतो. म्हणून शेअर्ड मेमरीत पॉइंटर साठवू नये, सुरुवातीपासूनचं अंतर साठवावं, असं पुस्तकात असतं. पोस्टग्रेसच्या मुख्य सेगमेंटमध्ये मात्र पॉइंटर बिनधास्त असतात, कारण लिनक्सवर पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, आधी मेमरी घेतो आणि मग फोर्क करत, म्हणजे स्वतःच्या नकला काढत जातो, त्यामुळे त्याच्या सगळ्या पोरांना, म्हणजे या नव्या प्रोसेसना, पत्ते वारशात जसेच्या तसे मिळतात. पॅरलल क्वेरीसाठी, म्हणजे एकच क्वेरी अनेक प्रोसेसनी मिळून चालवताना, मधेच उघडले जाणारे सेगमेंट वेगळे, तिथे अंतरच वापरावं लागतं.

आता जुनी गोष्ट, कारण ती माझी आवडती आहे. पोस्टग्रेस ९.२ पर्यंत ही सगळी मेमरी सिस्टम व्ही या जुन्या युनिक्सच्या पद्धतीने, म्हणजे एसएचएम-गेट या कॉलने घेतली जायची. लिनक्स कर्नलची मूळ मर्यादा, एसएचएम-मॅक्स, होती ३२ एमबी. तेव्हा डेबियन-उबंटूवर पोस्टग्रेस बसवलं की शेअर्ड बफर २४ एमबी दिसायचे, ते याचमुळे. आपण हौसेने १ जीबी करायचो, सर्व्हिस रीस्टार्ट करायचो, आणि लॉगमध्ये 'शेअर्ड मेमरी सेगमेंट बनवता आला नाही, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. आर्ग्युमेंट इनव्हॅलिड म्हणे! शेजारी त्या सेगमेंटची 'की', म्हणजे ओळख क्रमांक, छापलेली असायची: ५४३२००१. ५४३२ हा पोर्ट, त्याला हजाराने गुणून एक मिळवलेला. मग सिसकंट्रोलची, म्हणजे कर्नलच्या सेटिंगची, फाइल उघडायची, एसएचएम-मॅक्स (एका सेगमेंटची मर्यादा) आणि एसएचएम-ऑल (सगळ्यांची मिळून) वाढवायचे. त्यात पहिला बाइटमध्ये आणि दुसरा पानांमध्ये. हा निर्णय ज्याने घेतला त्याच्यापुढे हात जोडावेत. एसएचएम-ऑलमध्ये बाइट भरून निश्चिंत झालेले सर्व्हर मी भरपूर पाहिलेत. चालायचेही ते, मर्यादा ४०९६ पट जास्त असली तर कुणाचं काय अडतंय?

२०१२ मध्ये रॉबर्ट हास यांनी हे बदललं आणि २०१३ च्या ९.३ आवृत्तीत ते सगळ्यांपर्यंत आलं. मुख्य मेमरी निनावी एमएमॅपने घ्यायला लागले, त्यामुळे एसएचएम-मॅक्सची कटकट संपली. पुढच्याच वर्षी लिनक्स ३.१६ ने ती मर्यादाच जवळजवळ आकाशाला नेऊन भिडवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रश्न मिटला.

पण आजही पोस्टग्रेस चालू असलेल्या मशीनवर आयपीसीएस ही कमांड उणे-एम लावून चालवा. एक सेगमेंट दिसेल. साइज: ५६ बाइट. १६ जीबीचा कारभार निनावी मेमरीत, आणि हे ५६ बाइट जुन्या वाड्यातच. ते तिथे ठेवलेत एका कॉलमसाठी, ज्याचं नाव एन-अ‍ॅटॅच. या सेगमेंटला या क्षणी किती प्रोसेस जोडलेल्या आहेत, याचा हिशोब कर्नल स्वतः ठेवतो. प्रोसेस नीट संपो, क्रॅश होवो, कुणी मुंडी मुरगाळो, आकडा बरोबर कमी होतो. निनावी एमएमॅपमध्ये असा आकडा विचारायची सोय नाही. पोझिक्सच्या एसएचएम-ओपनमध्येही नाही. सिस्टम व्हीला म्हातारं, गबाळं म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे, मीही ठेवते, पण हे एक काम त्याच्याइतकं सरळ दुसरं कुणी करत नाही.

आणि ते काम साधंसुधं नाही. समजा पोस्टमास्टर मेला, पण त्याचं एक पोर मोठ्या क्वेरीत गुंतलेलं असल्यामुळे अजून जिवंत आहे. घाबरून कुणीतरी सर्व्हिस पुन्हा चालू केली. आता त्याच डेटा डिरेक्टरीवर दोन घराणी लिहायला लागली, तर डेटाची जी वाट लागेल ती बॅकअपशिवाय सरळ होणार नाही. म्हणून नवा पोस्टमास्टर आधी ते ५६ बाइट शोधतो, एन-अ‍ॅटॅच बघतो, आणि शून्य नसेल तर 'आधीचा शेअर्ड मेमरी ब्लॉक अजून वापरात आहे' असं सांगून उठायला नकार देतो. तो योग्य नकार आहे. तेव्हा इंटरनेटवर वाचून पोस्टमास्टर-डॉट-पीआयडी फाइल उडवू नका. त्या फाइलच्या सातव्या ओळीत याच सेगमेंटची की आणि आयडी असतात. पीएस कमांडने बघा, कोण जिवंत आहे ते शोधा, त्याला नीट संपू द्या. तेरा आवृत्तीपासून ही की पोर्टवरून न काढता डेटा डिरेक्टरीच्या आयनोडवरून, म्हणजे फाइल सिस्टममधल्या तिच्या क्रमांकावरून, काढतात, म्हणजे कुणी पोर्ट बदलून चालू करायला गेलं तरी पहारा तसाच राहतो.

नावावर असण्याचा दुसरा त्रास सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा. त्यात रिमूव्ह-आयपीसी नावाची सेटिंग आहे: युजरचं शेवटचं लॉगिन संपलं की त्याच्या नावावरचे शेअर्ड मेमरी सेगमेंट, सेमाफोर सगळं साफ. सिस्टम युजरना यातून सूट आहे. पण सोर्सवरून पोस्टग्रेस बसवणारी मंडळी पोस्टग्रेस हा युजर साध्या युजरअ‍ॅडने बनवतात, आणि तो सिस्टम युजर ठरत नाही. मग दुपारी डीबीए त्या युजरने एसएसएच करतो, दोन गोष्टी बघतो, एक्झिट मारतो, आणि मागे चालू डेटाबेसखालची सतरंजी सिस्टमडी ओढून घेतो. लॉगमध्ये 'शेअर्ड मेमरी सेगमेंट उघडता आला नाही, अशी फाइल नाही'. एका ग्राहकाकडे हे बरेच दिवस चाललं होतं, आणि तिथे समजूत अशी की दुपारचा लोड वाढला की होतं. लोड कसला, दुपारी जेवून येऊन माणूस लॉगआउट करायचा.

कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉकरवाल्यांचं दुखणं निराळं आणि सोपं. कंटेनरमध्ये डेव्ह-एसएचएम ही शेअर्ड मेमरीची जागा न सांगता ६४ एमबीची मिळते. पॅरलल क्वेरी त्यात सेगमेंट उघडते, मोठा हॅश जॉइन आला की ६४ एमबी भरतात, आणि एरर येते 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. लोक डिस्क बघतात. डिस्क निम्मी रिकामी. डीएफला डेव्ह-एसएचएमचा पत्ता द्या आणि कंटेनरला एसएचएम-साइज वाढवून द्या, झालं. त्यातल्या त्यात पोस्टग्रेसने उपकार केलेत की तो जागा आधीच भरून घेतो, म्हणून निदान वाचता येणारी एरर मिळते. एरवी फाइलची लांबी वाढवली जाते, एमएमॅप होतं, सगळं गोड चाललेलं असतं, आणि पानाला हात लावल्याक्षणी कर्नलच्या सिगबस या सिग्नलने प्रोसेस आडवी. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत डेटालोडर वापरणाऱ्यांनी ही 'बस एरर' हमखास पाहिलेली असते.

आता पेज टेबल. प्रत्येक पानाची ओळ ८ बाइटांची. १६ जीबी म्हणजे ४१,९४,३०४ पानं, म्हणजे एका प्रोसेसचं टेबल ३२ एमबी, जर तिने सगळ्या पानांना हात लावला असेल तर. पान सगळ्यांचं एक असलं तरी टेबल ज्याचं त्याचं. ३०० कनेक्शन दीर्घकाळ उघडी ठेवली की ३०० गुणिले ३२, साडेनऊ हजार एमबीच्या पुढे. हे टॉपमध्ये कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही. मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स म्हणून ओळ असते, तिथे बघा. परवाच्या त्या मशीनवर खरी गळती असलीच तर ही होती, आणि पोराने तिकडे बघितलंच नव्हतं. बघायला कुणी सांगितलंही नव्हतं म्हणा.

उपाय दोन. पीजीबाउन्सर, म्हणजे थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम, लावून कनेक्शन कमी करा, आणि ह्यूज पेज, म्हणजे मोठी पानं, वापरा. २ एमबीच्या पानांनी १६ जीबीला ८१९२ ओळी लागतात, टेबल ६४ केबीवर येतं. पंधरा आवृत्तीपासून नेमकी किती ह्यूज पेज लागतील ते पोस्टग्रेस स्वतः सांगतो, बंद असताना उणे-सी लावून विचारायचं. आणि ह्यूज-पेजेसची सेटिंग 'ट्राय'वर ठेवू नका, 'ऑन' करा. ट्राय म्हणजे नाही मिळाली तर गुपचूप छोट्या पानांवर चालू होतो, आणि आपण सहा महिने समजत राहतो की ह्यूज पेज चालू आहेत. बदल केल्यावर टॉपमध्ये रेस एकदम काही एमबीवर येतं, कारण ह्यूज पेज त्यात मोजलीच जात नाहीत. मग त्याच पोराचा मेसेज येतो, "मॅडम, लीक गेली."

शेवटचा नेहमीचा प्रश्न: एकच कनेक्शन मेलं तर सगळ्यांना का हाकललं? ॲपवाले यावर फार चिडतात. लॉगमध्ये कारण लिहिलेलं असतं, की एक प्रोसेस विपरीत रीतीने संपली आणि तिने शेअर्ड मेमरी कदाचित बिघडवली असेल. मरताना तिच्या हातात एखादं लॉक होतं का, एखादी यादी अर्धीच बदलून झाली होती का, हे पोस्टमास्टरला कळायला मार्ग नाही. म्हणून तो सगळ्यांना बाहेर काढतो, शेअर्ड मेमरी नव्याने मांडतो, वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून पूर्वस्थितीला येतो. अडकलेली क्वेरी काढायला कुणी किल उणे ९ मारलं तरी हेच होतं, रॅम संपल्यावर कर्नलच्या ओओएम किलरने मारलं तरी हेच. क्वेरी काढायची तर पीजी-कॅन्सल-बॅकएंड, नाही ऐकलं तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंड, आणि तेही ऐकत नसेल तर मला फोन करा. रात्री अकरानंतर नको.