आधी जॅक, मग गोधडी: जोन्सबरोची फेरी

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून गाडीने साधारण तीन तासांत टेनेसीतल्या जोन्सबरोला पोहोचलो आणि पहिलीच चूक केली. ‘कथाकथन दुपारी आहे, तोवर कोठारांवरचे बार्न क्विल्ट बघणं उरकून घेऊ’, असं मीच म्हणालो. उरकलं. दोन तास गाडी हाकली, रंगीत चौकोनांचे भरपूर फोटो काढले, डोक्यात शून्य.

बार्न क्विल्ट कापडाचा नसतो. बहुधा आठ बाय आठ फुटांच्या प्लायवुडवर गोधडीचा एक चौकोन रंगवून तो गोठ्याच्या नाहीतर कोठाराच्या भिंतीवर ठोकतात. २००१ साली ओहायोच्या अ‍ॅडम्स काउंटीत डोना सू ग्रोव्ह्ज यांनी गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आईच्या मानासाठी ही कल्पना काढली आणि ती पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलेचियाच्या डोंगरभर पसरली.

दुपारी इंटरनॅशनल स्टोरीटेलिंग सेंटरमध्ये बसलो. याच गावात १९७३ पासून ऑक्टोबरात कथाकथनाचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. सांगणाऱ्या आजींनी जॅकची, म्हणजे इथल्या लोककथांमधल्या नेहमीच्या नायकाची, गोष्ट घेतली. घराच्या फटींतून शिरणारा वारा कायमचा बंद करायला निघालेलं पोरगं. गोष्ट संपल्यावर त्यांनी जाता जाता गोधडीच्या एका नक्षीचं सांगितलं. नाव ‘वाँडरिंग फूट’, म्हणजे भटकं पाऊल. त्या गोधडीखाली झोपलेलं पोर घर सोडून भटकतं म्हणे, म्हणून बायकांनी नक्षी तीच ठेवली आणि नाव केलं ‘टर्की ट्रॅक्स’, म्हणजे टर्की पक्ष्याच्या पायांचे ठसे. पायाला भिंगरी आपल्याला माहीत आहे, पण नाव बदलून ती सुटते हे मला नवीन होतं.

दुसऱ्या सकाळी तोच रस्ता पुन्हा धरला. तंबाखू वाळवायच्या एका जुन्या कोठारापाशी थांबलो. पानांना वारा लागावा म्हणून फळ्यांत मुद्दाम ठेवलेल्या फटी, त्यांच्यावर तो घट्ट, कडक कोनांचा चौकोन. जॅक इथे आला असता तर त्याची पंचाईतच झाली असती. बायको म्हणाली, ‘काल इथेच थांबलो होतो की!’ मला आठवेना.

तेव्हा जाणाऱ्यांनी आधी गोष्ट ऐकावी. सेंटरमधले दुपारचे कार्यक्रम मे ते ऑक्टोबर असतात, वार बघून तिकीट आधी काढा. कोठारं खाजगी आहेत, रस्त्यावरूनच बघा, आणि वळणावर गाडी उभी करू नका. दरीत फोनला रेंज गेली की नकाशाही जातो, तो आधीच उतरवून ठेवा. आम्ही ठेवला नव्हता. एका शेतकऱ्याने हाताने वाट दाखवली, ती ऐकायला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक वळणाची एक गोष्ट होती. महोत्सवाला जायचं तर खोली काही महिने आधी धरा.