झरोके उघडले आणि ओल वाढली

जुलैत आई अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, तुझ्या घरात पावसाळ्यातल्या माळ्यावरच्या गोधड्यांसारखा वास येतोय." आम्ही चार वर्षं त्याच घरात. आमच्या नाकांनी कधीच हात टेकले होते.

नॉर्थ कॅरोलिनातल्या पुष्कळ घरांना तळघर नसतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर लाकडी घर, आणि मधल्या पोकळीत नळ आणि एसीची हवा नेणारे डक्ट. हीच क्रॉल स्पेस. मास्क लावून, कपाळाला टॉर्च बांधून मी आत रांगत गेले. लाल मातीवरचं पातळ प्लास्टिक फाटून गोळा झालेलं, तुळयांमधलं थंडी-उष्णता अडवणारं फायबरग्लास ओलं होऊन लोंबतंय, आणि डक्टला गार पाण्याच्या तांब्यासारखा घाम. त्यातला एक थेंब नेमका मानेवर पडला. तुळईत ओल मोजायच्या मीटरच्या पिना टोचल्या, तर ओल २१ टक्के. विसाच्या आसपास गेलं की लाकडावर बुरशीचं फावतं.

माझं डोकं आपल्याकडचंच. कोंदट आहे ना, मग हवा खेळू दे! पायाच्या भिंतीतले सगळे झरोके साफ करून उघडले, वर पंखाही लावला. आठवड्यानं मीटर २३ वर.

इथली उन्हाळ्यातली हवाच दमट. ती गार डक्टला लागली की तिचं पाणी होतं. म्हणजे मी पंख्यानं वाळवत नव्हते, पाणी आत ओढत होते. झरोके बंद करायचे म्हटल्यावर नवरा वैतागला. पण रालेच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेनं प्रिन्सव्हिल गावातल्या १२ घरांवर हेच मोजून पाहिलं होतं. बंद क्रॉल स्पेस कोरडी राहिली, शिवाय हीटिंग-कूलिंगची वीजही १५ टक्के किंवा जास्तच वाचली. विजेचं ऐकून तो गप्प.

पहिला कंत्राटदार थेट प्लास्टिक अंथरायला निघाला होता. दुसऱ्यानं आधी घराभोवती चक्कर मारली. छताच्या पन्हळीचं पाणी पायाशीच पडत होतं. ते आधी पाइपानं दहा फूट लांब सोडलं, मग जाड प्लास्टिक जमिनीवर अंथरून सांधे एकमेकांवर चढवून टेपनं चिकटवले, भिंतींवरही वर नेलं. वर तीन इंचांची पट्टी मात्र उघडी ठेवली, वाळवी तपासायला येणाऱ्याला तिची मातीची भुयारं दिसावीत म्हणून. शेवटी झरोके बुजवले आणि हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर बसवला. खिसा चांगलाच हलका झाला.

ऑक्टोबरअखेर मीटर १४ वर आलं. आत्ता आर्द्रतेचा आकडा फोनवरच दिसतो, पण डीह्युमिडिफायरचा फिल्टर धुवायला अजूनही रांगतच जावं लागतं. ते काम नवऱ्याकडे दिलंय.