चित्रकाराचा रकाना

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला असलेल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. जीर्ण झालेल्या ग्रंथांचे निर्लेखन, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचे काम, आम्ही उन्हाळ्यात करतो, आणि त्या वर्षी साठ-सत्तरच्या दशकांतल्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीत काढावेत, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला होता. गठ्ठे सोडून मी यादी करत बसलो असताना नागपूरहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांचे वडील आमच्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि शाळा सुटल्यावर मासिकांतल्या कथांसाठी चित्रे काढत. "भाऊ, बाबांच्या हातचं एकही मूळ चित्र आमच्या घरात नाही. छापलेलं तरी इथं पाहायला मिळेल का?" असे त्यांनी विचारले.

मी दाखल नोंदवही उघडली. तिच्यात ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत असे सगळे रकाने आहेत; चित्रकारासाठी रकाना नाही. दिवाळी अंकांच्या बाबतीत तर संपादकाच्या नावावरच नोंद थांबते. अंकांच्या अनुक्रमणिका पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी मुखपृष्ठ कोणाचे एवढेच छापलेले होते. आतल्या पानांवर कथेगणिक ज्यांनी काम केले, त्यांची नावे एखाद्या कोपऱ्यात 'सजावट' या शब्दापुढे एकत्र दाटीवाटीने दिलेली, किंवा मुळीच नव्हती.

ताईंनी पिशवीतून एक चपटा डबा काढला. त्यात मनिऑर्डरची कुपने होती. पैसे घेणाऱ्याकडे राहणारा तो कागदाचा लहानसा तुकडा त्यांच्या वडिलांनी इतकी वर्षे जपून ठेवला होता, आणि प्रत्येकावर कोण्या संपादकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या हातची एखादी ओळ होती : दोन चित्रांचे मानधन, शीर्षकचित्राचे मानधन, उरलेली रक्कम पुढील महिन्यात. रकमा तुटपुंज्या होत्या. एका मासिकाने तर पैशांऐवजी नुसता अंक पाठवल्याचे त्यांनी सांगितले. त्या मासिकाचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र टपालाच्या शिक्क्यांवरच्या तारखांनी आमचे काम सोपे केले. दिवाळी अंकाचे मानधन अंक विकला गेल्यावर, म्हणजे साधारण हिवाळ्यात येणार, हे धरून आम्ही कुपनांच्या तारखा मागे नेल्या आणि त्या त्या वर्षाचे गठ्ठे बाजूला काढले.

मग पानापानावर सही शोधणे सुरू झाले, आणि ती का सापडत नाही हे हळूहळू उलगडले. त्या काळी अंक खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जुळणीवर छापले जात आणि चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करावा लागे. काळ्या शाईतल्या रेखाचित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेषेबाहेरचा भाग आम्लाने खाऊन टाकायचा आणि उरलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा, अशी ती कृती. चित्रकार छापील आकाराच्या दीडपट-दुप्पट मोठे चित्र काढत, त्यामुळे ते लहान होताना रेषा सफाईदार दिसे. पण निबच्या टोकाने केलेली बारीक सही त्याच कारणाने पुसट होई, आणि ब्लॉकची कड कापताना कित्येकदा कोपऱ्यासकट जाई. मूळ चित्र संपादकाकडे, छापखान्यात किंवा ब्लॉक करणाऱ्याकडे पडून राही. मुंबई-पुण्यातला चित्रकार कार्यालयात जाऊन ते मागून आणू शकत होता. दारव्ह्याच्या मास्तरांना त्यासाठी पत्र लिहून वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

याच गठ्ठ्यांत दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे होती. दलालांनी 1945 पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. त्यांची सही वाचक लांबून ओळखत. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंत्याची नोकरी करून चित्रे काढत राहिले. 'चांदोबा'तला खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम ज्यांच्या हातचा, ते शंकर तर मद्रासमध्ये बसून 1952 पासून काम करत होते, आणि आमच्या खेड्यातली मुले त्यांची पाने चाळून फाडत होती. ही नावे टिकली, याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्या मागे जिल्ह्याजिल्ह्यांतून रात्री कंदिलाजवळ बसून कथा वाचणारे आणि कथेतला नेमका कोणता क्षण चित्रात धरावा हे ठरवणारे जे चित्रकार होते, त्यांच्यावाचून दिवाळी अंकाचे पान उभे राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

दुपारपर्यंत सहीची काही चित्रे हाती लागली. नावाचे आद्याक्षर आणि त्याखाली एक आडवी रेघ, एवढीच ती सही होती. त्यानंतर एका कुपनाशी जुळणाऱ्या अंकात पेरणीचे चित्र निघाले, पण त्याचा उजवा कोपरा ब्लॉकमध्येच कापलेला होता. ताई ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. खात्रीने सांगता येत नाही, म्हणाल्या. आमच्या मंडळाचे एक वयस्क सदस्य तेव्हा वर्तमानपत्र वाचायला आले होते. आयुष्यभर शेती केलेल्या त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र डोळ्यांजवळ धरले. "हे आपल्या इकडच्याच मानसानं काढलं हाये जी. हे पाहा ना, बाई तिफनीच्या मांगं सरता धरून चालून राह्यली. अन् दोर कुठं बांधला हाये तेही बरोबर हाये."

मी भिंग लावून पाहिले. पेरणीच्या तिफणीमागे दोराने ओढली जाणारी ती वेगळी नळी, म्हणजेच सरता, तिच्यात मुठीतून बी सोडणारी बाई, कमरेला बांधलेली बियांची ओटी, आणि तास, म्हणजे पेरणीची ओळ, सरळ राहावे म्हणून खाली लागलेली तिची नजर, हे सारे दोन बोटे रुंदीच्या जागेत होते. कथेत पेरणीचा उल्लेख एका वाक्यापुरता आहे आणि सरत्याचा तर नाहीच. तो चित्रकाराने आपल्या पाहण्यातून घातला. त्यानंतर आम्ही सही नसलेल्या पानांकडेही याच डोळ्यांनी पाहू लागलो आणि कापूस वेचणाऱ्या बायांचे आणखी एक चित्र ओळखू आले.

जाताना ताईंनी या चित्रांचा लहानसा संग्रह छापता येईल का, असे विचारले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. तो हक्क वडिलांकडे राहिला होता की मासिकाकडे गेला होता, हे त्या वेळच्या व्यवहारावर ठरेल, म्हणून वकिलाला कुपने दाखवा, असे मी सुचवले. मात्र त्याच कायद्याचे कलम 57 असेही सांगते की हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कायद्याने दिलेली ही ओळख आमच्या नोंदवहीने कधीच नोंदवली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

पुढच्या बैठकीत मंडळाने रद्दीचा ठराव मागे घेतला. मी चित्रकारांची स्वतंत्र वही सुरू केली असून तिच्यात अंक, वर्ष, पृष्ठ, कथा आणि सहीचे स्वरूप लिहितो. सही नसेल आणि केवळ चित्रातल्या खुणांवरून ओळख पटली असेल, तर नाव पेन्सिलीने लिहून ओळखणाऱ्याचे नाव शेजारी देतो. ताईंच्या डब्यातल्या एका कुपनावर 'पोळ्याचे चित्र पोचले, उत्तम आहे' अशी ओळ आहे. तो अंक आमच्याकडे नाही. विदर्भातल्या कोणत्याही वाचनालयात त्या काळातले गठ्ठे असतील, तर ते काढून टाकण्याआधी ग्रंथपालांनी पोळ्यावरच्या कथांची पाने जरूर उघडून पाहावीत.