तेरा शटर, अठ्ठावीस बिजागऱ्या

नवरा रात्रपाळीला असतो त्या आठवड्यात आमच्या घराचं घड्याळ उलटं चालतं. तो सकाळी कंपनीतून येतो, चहा-पोहे खाऊन नऊच्या सुमारास झोपतो आणि नेमकी तीच माझी स्वयंपाकाची वेळ. पिंपरीतलं आमचं घर वन बीएचके. ओट्याच्या भिंतीला लागूनच पलीकडे पलंग. मी डबा काढायला कपाट उघडलं की मिटताना त्याचं शटर, म्हणजे दार, स्प्रिंगच्या ओढीने खाड्कन आपटायचं. आठ-आठ तास उभं राहून आलेल्या माणसाची झोप अशी मोडायची, याचं मला फार वाईट वाटायचं.

आधी शटरच्या कोपऱ्यांना चिकटवायचे पारदर्शक रबरी ठिपके आणून लावले. आवाज थोडा कमी झाला, पण फोडणीच्या वाफेने आणि तेलकटपणाने आठ-दहा दिवसांत एकेक ठिपका गळून पडला. मग ठरवलं, बिजागऱ्याच बदलायच्या, सॉफ्ट क्लोज घ्यायच्या. या बिजागरीच्या आत तेल भरलेला छोटा दट्ट्या असतो. दार जोरात आलं तर तेल बारीक वाटेतून सरकताना अडतं आणि दाराचा वेग मोडतो. म्हणून शेवटच्या काही इंचांत शटर आपोआप, सावकाश मिटतं.

आमचं किचन सुताराने घरी येऊन प्री-लॅम पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, आधीच वरचा थर चढवलेल्या फळ्यांत केलेलं. ओट्याखाली सहा शटर, वर सहा आणि कोपऱ्यात धान्याच्या डब्यांचं एक उंच. छोट्या शटरला दोन-दोन आणि उंच शटरला चार, अशा २८ बिजागऱ्या लागणार होत्या. एक जुनी काढून मोजली. दारात बसणारी गोल वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची निघाली. नव्याही बहुतेक याच मापाच्या मिळतात, त्यामुळे शटरला वाटीसाठी नवी भोकं पाडायची गरज नव्हती. कुणी या कामाला हात घालणार असेल तर जुनी बिजागरी पिशवीत टाकून दुकानात घेऊन जा. तिच्याकडे बघून दुकानदाराला निम्मं काम कळतं.

दुकानात हेटिच, हाफेले, एब्को अशा सगळ्या कंपन्यांच्या बिजागऱ्या होत्या. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, शटर बॉक्सच्या कडेवर पूर्ण बसतंय की अर्धं?" मी जुनी बिजागरी खालच्या कपाटाची आणली होती. तिथे शटर बॉक्सच्या, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याच्या, कडेवर पूर्ण बसत होतं, म्हणून मी "पूर्ण" म्हणाले आणि २८ च्या २८ झिरो क्रँकच्या, म्हणजे न वाकलेल्या सरळ दांडीच्या, घेऊन आले.

चूक घरी आल्यावर समजली. खालचे बॉक्स वेगवेगळे आहेत, पण वरचं कपाट म्हणजे एकच लांब बॉक्स आणि त्यात दोन मधल्या उभ्या पट्ट्या. त्या एका पट्टीवर दोन्ही बाजूंची दोन शटर टेकतात. पट्टी १८ मिलिमीटरची. दोन शटरनी ती वाटून घ्यायची आणि मध्ये दोनेक मिलिमीटर फट राहायची, म्हणजे एकेका शटरच्या वाट्याला जेमतेम आठ मिलिमीटर येतात. झिरो क्रँकची सरळ दांडी शटरला त्याच्या दुपटीएवढं पुढे आणते, म्हणून दोन्ही शटर एकमेकांवर आदळू लागली. स्क्रूने सरकवून पाहिली, पण ती सोय दोन-तीन मिलिमीटरपुरतीच असते. इथे मधल्या पट्टीसाठी आठ क्रँकची, थोडी वाकलेल्या दांडीची बिजागरी लागते. शटर बॉक्सच्या आत, कडेला समपातळीत बसत असेल तर सोळा क्रँकची, आणखी वाकलेली. हे कळल्यावर मी घरातलं एकेक कपाट उघडून पाहिलं आणि कागदावर शटरनिहाय टिपून ठेवलं. हेच आधी करायला हवं होतं. चार शटरच्या आठ बिजागऱ्या दुकानदाराने विनातक्रार बदलून दिल्या, पाकिटं फोडली नव्हती म्हणून.

त्याच फेरीत सिंकखालच्या दोन शटरसाठी चार बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, एसएस ३०४ या प्रतीच्या घेतल्या. महाग पडल्या, पण जुन्या तिथे गंजून लालभडक झाल्या होत्या आणि पाइपाच्या ओलीने एक शटरही फुगलं होतं. ते शटर सुतारकाकांकडून वॉटरप्रूफ प्लायमध्ये नवीन करून घेतलं. वाट्यांची दोन्ही भोकं त्यांनीच पाडली. शटरच्या कडेपासून साडेबावीस मिलिमीटरवर खूण केली आणि ड्रिलला ३५ चा बिट लावून सुमारे साडेअकरा मिलिमीटर खोल गेले. १८ च्या प्लायमध्ये मागे सहा-साडेसहाच उरतात, जरा हात जड झाला तर पुढचा सनमायका फुटतो. त्या दोन भोकांसाठी त्यांनी बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोली आखून घेतली होती, ते बघण्यासारखं होतं.

बाकीचं मी शनिवार-रविवारी स्वतः केलं. सगळी शटर एकदम न काढता एक काढायचं, बसवायचं, मग दुसरं. क्लिपच्या बिजागरीचा खटका मागून दाबला की शटर हातात येतं, पण खालून कुणीतरी धरायला हवं. माझ्या मुलीने धरलं.

जास्त वेळ खाल्ला तो स्क्रूंनी. वाटीच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंचं अंतर जुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वेगळं होतं. नवा स्क्रू घसरून जुन्याच भोकात जायचा आणि गोल फिरत राहायचा. पार्टिकल बोर्डाचा भुसा एकदा निघाला की पकड जाते. सुतारकाकांनी सांगितल्याप्रमाणे आगकाड्यांची डोकी काढून त्या फेविकॉलमध्ये बुडवल्या, भोकात ठासल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. सकाळी ब्लेडने कापून सपाट केलं, बारीक ड्रिलने नवं भोक पाडलं, मग स्क्रू घट्ट बसला. बिजागरीची बॉक्सच्या बाजूला लागणारी पट्टी दोन आणि चार भोकांची मिळते. पार्टिकल बोर्डाला चार भोकांचीच घ्या. ती पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर बसते. मी पुठ्ठ्यावर ते माप कापून घेतलं आणि सगळीकडे तोच पुठ्ठा लावला.

शटर चढवल्यावर वाकडं दिसतं, तेव्हा घाबरायचं नाही. वाटीजवळचा स्क्रू शटरला डावी-उजवीकडे नेतो, मागचा आत-बाहेर, आणि बिजागरीच्या पट्टीचे स्क्रू सैल करून वर-खाली. आधी उंची जुळवायची, फटी शेवटी. मी आधी फटीच्या मागे लागले आणि वरची ओळ दोनदा करावी लागली.

तेलाच्या बाटल्यांच्या नऊ इंची शटरने मात्र वेगळीच अडचण केली. ते इतकं हलकं की दोन दट्ट्यांपुढे त्याचं काही चालेना. अर्ध्यात थांबायचं, मिटायचंच नाही. आमच्या बिजागरीत दट्ट्या बंद करायचं छोटं बटण आहे. खालच्या बिजागरीचं बंद केलं आणि शटर नीट मिटू लागलं. घेताना हे बटण आहे का ते विचारा, सगळ्यांत नसतं.

सोमवारी सकाळी नवरा नेहमीसारखा नऊला झोपला. मी कुकर लावला, वरची कपाटं चार वेळा उघडली, भाकरी केल्या. दुपारी दोनपर्यंत आतून हालचाल नाही. इतकी सलग झोप त्याला रात्रपाळीत कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

आता आवाज उरलाय तो ताटांच्या ट्रॉलीचा. ती ज्यांवर सरकते ते चॅनल मोजून ठेवलेत, २० इंची. पुढच्या पगारानंतर तेही सॉफ्ट क्लोजचे आणणार आहे, आणि या वेळीही जुना चॅनल सोबत घेऊनच दुकानात जाणार आहे.