सहा खेळ्या

तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत माझ्या शाळेतल्या सातवीच्या एका पोरीचा डाव सहा खेळ्यांत संपला. बाद पद्धत, म्हणजे हरला की घरी. काळी-पिवळीत कोंबून सव्वा तास गेलो, आणि डाव जेमतेम चार मिनिटं. आठवडा झाला, डोक्यातून जात नाही. कारण चूक तिची नव्हतीच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी खिचडीची नोंद, आधारची दुरुस्ती, मतदारयादी यातून वेळ उरला तर मराठी शिकवतो. बुद्धिबळ हौसेनं अंगावर घेतलेलं. पोरं पारावरच्या म्हाताऱ्यांकडून देशी डाव शिकून येतात, प्यादं एकच घर चालवतात. त्यांना आधी दोन घरांची सवय लावावी लागते. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून बाप लोकही विचारतात, ‘आमचीले बसवता काजी?’ संच मात्र तोच. त्यातला एक काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं झाकण.

काळ्या सोंगट्यांसाठी मी सगळ्यांना एकच सुरुवात देतो, कारो-कान. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण प्यादं सी-६ वर, मग डी-५ वर (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून एक ते आठ). समोरच्यानं डी-५ वर मारलं तर सी-प्याद्यानं परत मारायचं. मधलं घर आपल्याकडेच राहतं आणि वजिराला उगाच बाहेर पडावं लागत नाही. पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं टाकलं तरी सी-६ आणि डी-५ हीच जोडी चालते. तिला स्लाव म्हणतात. पोरांना दोन पुस्तकं पाठ करावी लागत नाहीत. यातली खरी गंमत काळ्या उंटाची: ई-६ करून दार लावण्याआधी तो एफ-५ वर काढायचा. मी सांगतो, आधी बैल बाहेर, मग फाटक. हे वाक्य पोरांना इतकं आवडलं की भूगोलाच्या तासालाही म्हणतात.

पण गेल्या वर्षी एकाचा उंट जी-६ वर अडकून मेला. पांढऱ्याचं एच-प्यादं चालून आलं आणि हा एच-६ करायला विसरला. मी वैतागलो आणि स्पर्धेच्या दहा दिवस आधी चाल बदलली. चौथ्या खेळीला उंट नाही, घोडा डी-७ वर. मग दुसरा घोडा एफ-६ वर. तिथं मारामारी झाली तर डी-७ चा घोडा परत मारतो, प्यादी मोडत नाहीत. ही पोरगी तेव्हाच म्हणाली, ‘सर, घोडा इथं ठेवला तं उंटाची वाट बंद होते ना? आपलं फाटक?’

मी म्हणालो, ‘कार्पोव्ह असंच खेळायचा.’ विषय संपला. जगज्जेत्याचं नाव काढलं की बारा वर्षांचं पोर गप्प बसतं. आम्हा मास्तरांची ही जुनीच खोड.

स्पर्धेत घड्याळं नव्हती. पंच खो-खोचे, प्यादं जाता-जाता मारता येतं हे त्यांना एका मुलानं सांगितलं. असो. पोरगी काळ्यांनी बसली. ई-४, सी-६. डी-४, डी-५. घोडा सी-३, प्याद्यानं ई-४ मारलं, घोड्यानं परत मारलं. घोडा डी-७. सगळं पाढ्यासारखं. मग समोरच्या पोरीनं वजीर ई-२ वर ठेवला. स्वतःच्याच उंटापुढे! मी मागे उभा राहून मनात हसलो, हिला काही येत नाही.

दोन श्वासांनंतर कळलं. माझ्या पोरीचा हात जी-८ च्या घोड्यावर गेला होता, बोटं कानाला टेकलेली. सोंगटी शिवली की चालवायचीच. मी खोकायचंही नाही. तिनं तो एफ-६ वर ठेवला. पांढरा घोडा डी-६ वर आला आणि मात.

ई-७ च्या प्याद्यानं त्याला मारता येईना, कारण मागे राजा आणि समोर तोच वजीर. काळा वजीर डी-८ वरून डी-६ ला पोचू शकत होता, पण मध्ये डी-७ वर माझा घोडा. राजाला हलायला एक घर नाही, चहूबाजूंनी त्याचेच लोक.

ती रडली नाही. तर्री-पोह्याच्या टपरीवर बाकावर पट अंथरला, झाकणाचा उंट मांडला आणि पाचव्या खेळीपाशी थांबली. बऱ्याच वेळानं डी-७ चाच घोडा उचलून एफ-६ वर ठेवला. ‘सर, हा काढला असता तं वजिराले डी-६ दिसलं असतं ना?’

बरोबर होतं. हा सापळा मी फार पूर्वी वाचला होता. तालुक्याला कोण खेळणार असलं, म्हणून सांगितला नव्हता. तिला मी फक्त ‘हो’ म्हणालो.

सोमवारी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ती पांढऱ्या घेऊन बसली होती. सहावीतल्या चौघांना तिनं ओळीनं मात दिली. मग मला म्हणाली, ‘बसा सर, काळ्या घ्या.’ मी घोडा डी-७ वर ठेवला. तिनं वजीर ई-२ वर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि पटाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.